टोपल्याखालचं पीठ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. दुसरं काही विशेष नाही. संक्रांत होऊन गेली होती, बायको वट्ट्यावर भिंतीला टेकून बसली होती, मी समोर, मधे परात. लेक लातूरहून दोन दिवसांसाठी आली होती. ती तिथं एका शाळेवर शिकवते. शेंगा सोलल्या तर नखं काळी होतात म्हणे, म्हणून ती मोबाइल घेऊन बसली.

"आण्णा," ती म्हणाली, "ह्यात वीस प्रश्न हायेत. उत्तरं दिली की सांगतंय, जगातल्या कोणत्या मोठ्या तत्त्वज्ञाशी तुमचे इचार जुळतेत."

"तत्त्वज्ञ म्हंजे कोण?"

"नुसता बसून इचार करणारा माणूस."

"मंग लावू नको प्रश्न," बायको म्हणाली. "जुळलं म्हणून लिवून टाक."

मी चौथी शिकलेला माणूस. मला जन्मात कुणी 'तुझं मत काय' म्हणून विचारलं नव्हतं, मतदान सोडलं तर. पाऊस किती झाला, म्हैस गाभण आहे का, एवढंच विचारतात. त्यामुळं मी जरा सरळ होऊन बसलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

सुख म्हणजे काय, असा एक प्रश्न होता. मी म्हणालो, दुखत नसलं की सुख. देव तुमच्याकडं लक्ष ठेवतो का? मी म्हणालो, असला तर त्याला त्याची कामं असतील, तो माझ्याकडं कशाला बघंल. लेक एकेक बोट लावत गेली. मग तिनं विचारलं, माणूस मेल्यावर काय उरतं?

"काही न्हाई," मी म्हणालो.

बायकोचा हात थांबला. शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटांत राहिली.

हे मी उगाच बोललो नव्हतो. भूकंपाच्या साली आमच्या गावातून आम्ही ट्रॅक्टर भरून मदतीला गेलो होतो. चार दिवस दगडाखालून माणसं काढली. म्हातारी काढली, बाळंतीण काढली. त्या चार दिवसांत कुणाचं काही मागं उरलंय, कुणी आसपास घुटमळतंय, असं मला एकदाही वाटलं नाही. दगड होते, अन् माती होती. तेव्हापासून माझं पक्कं झालं की विझलं ते विझलं.

वीस प्रश्न संपले. मोबाइलवर एका दगडी मुंडक्याचा फोटो आला. दाढी, कपाळाला आठ्या, आणि डोळे कोरे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक माणूस, लेक म्हणाली. बागेत दोस्तांना जमवून शिकवायचा. मरणानंतर काही नसतं, म्हणून मरणाला भिऊ नये, असं त्याचं म्हणणं. आणि माझं-त्याचं शंभरातलं नव्वद जुळतं.

मी तो फोटो लई वेळ बघितला. इतक्या लांब, इतक्या आधी, माझ्यासारखं म्हणणारा एक जण होऊन गेला आणि मला खबर नाही.

"ह्येच्या डोळ्यांत बाहुल्या न्हाईत," बायको म्हणाली. "अन् त्याच्या बायकोचं काय झालं?"

"त्यानं लगीन केलंच न्हाई, माय."

"तरीच."

मग लेक तिच्या मागं लागली. ती म्हणाली, मला काय प्रश्न विचारती, तुझ्या बापानं जे सांगितलं त्याच्या उलट लिव्ह सगळं. लेकीनं तसंच केलं. तिच्या वाट्याला आणखी जुना एक माणूस आला, तोही ग्रीकच. जीव एका अंगातून निघून दुसऱ्या अंगात जातो, असं तो म्हणायचा. माणसातून कुत्र्यात, पाखरात, कशातही.

"हाव, ह्यो बराय," ती म्हणाली.

"पण माय, त्यो शेंगा खायचा न्हाई. शिष्यांला बी खाऊ द्यायचा न्हाई."

"का बरं?"

"त्ये न्हाई लिव्हलं हितं."

"मंग राहू दे तिकडंच," असं म्हणून तिनं परात जवळ ओढली. आम्ही तिघंही हसलो. ती तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग हसणं जिरल्यावर खाली बघतच मला म्हणाली, "आवं, मी आदी गेले तर?"

"तर काय?"

"काही उरत न्हाई म्हंता. मंग तुमी मला बोलायचं झालं तर कुणाला बोलाल?"

"तू न्हाईस तर न्हाईस," मी म्हणालो. "भिंतीला बोलू का?"

माझं तोंड असंच आहे. ती म्हणाली, "बघू." आणि दाण्यांची परात उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लेकीला साडेतीनची लातूरची एसटी धरायची होती, तिच्यासोबत द्यायला ही भाकरी करून राहिली होती. मी बाहेर दोरी वळत होतो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप, आणि तो थांबला. मला वाटलं, पाणी घ्यायला उठली असंल. लई वेळ झाला म्हणून आत गेलो, तर ती चुलीशेजारच्या भिंतीला टेकून बसलेली. पुढ्यात अर्धी थापलेली भाकरी, त्यावर तिची बोटं उमटलेली. तव्यावरची जळून धूर झाला होता. डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत नुसतं पांढरं दिसत होतं. आदल्या दिवशीच्या त्या दगडी मुंडक्यासारखं. मी पापण्या मिटवल्या, त्या परत उघडल्या. तिसऱ्यांदा राहिल्या.

गावातला डॉक्टर येऊन बघून गेला. ऊन उतरायच्या आत आमच्याच वावरात सगळं उरकलं.

वावरातून परत आलो तर बायांनी चुलीपुढची जागा सारवून ठेवली होती आणि माझी थोरली भावजय हातात चाळणी घेऊन उभी होती. ती आता सत्तरीच्या वर आहे, भाऊ जाऊन दहा वर्षं झाली. आमच्याकडं पद्धत आहे. जिथं जीव गेला तिथं ताटात पीठ पसरतात, त्यात दिवा ठेवतात आणि वरून टोपलं पालथं घालतात. सकाळी घरातली थोरली बाई टोपलं उचलते. पिठावर पाखराचं पाऊल दिसलं तर जीव पाखराच्या जन्माला गेला, वासराचं खूर दिसलं तर गायीच्या. थोरलीच्या आधी कुणी बघायचं नाही. माझी आई गेली तेव्हा केलं होतं, भावाच्या वेळीही केलं होतं. मी दोन्ही वेळा घराबाहेर जाऊन बसलो होतो.

"वैनी, ह्ये खूळ आता माझ्या घरात नको," मी म्हणालो.

"घर तुमचं हाय भावजी. चूल तिची व्हती. तिच्या चुलीपुढं तुमचं काय चालतंय?"

"उमटायचं न्हाई काही. लोकं मुंग्या-उंदरांची पावलं बघून खूश व्हतेत."

लेक कोपऱ्यात बसली होती. रडून तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "करू द्या, आण्णा. न्हाईच काही उमटलं तर तुमचंच खरं व्हईल."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण ते मला जिव्हारी लागलं. माझंच खरं होणार म्हणजे काय होणार, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पीठ ज्वारीचं होतं, तिनंच दोन दिवसांपूर्वी गिरणीवरून दळून आणलेलं. डब्याचं झाकण काढलं तसा तिचा वास आला. पदराला नेहमी असायचा तो. भावजयीनं पितळी ताटात पीठ चाळलं, उलथन्याच्या पाठीनं सारखं केलं, इतकं की पाण्यासारखं सपाट. मधे पणती ठेवली. टोपलं घातलं, मांजरानं पाडू नये म्हणून वर पाट्याचा वरवंटा ठेवला.

मी बाहेरच्या खोलीत बाजेवर पडलो. दार उघडंच होतं. टोपल्याच्या फटींतून उजेड निघून चुलीवरच्या भिंतीवर त्याच्या काड्या पडल्या होत्या. वारा नव्हता. तरी त्या काड्या जरा रुंद व्हायच्या, जरा बारीक व्हायच्या, सावकाश, एका ठेक्यात. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासाचा ठेका आपल्याला पाठ असतो. मी झोपलो नाही, एवढंच लिहितो.

फटफटलं तशा दोघी आंघोळीला मागच्या न्हाणीकडं गेल्या. पाणी ओतल्याचा आवाज सुरू झाला तसा मी उठलो. वरवंटा बाजूला ठेवला आणि टोपलं उचललं.

काही नव्हतं. पणती विझली होती, वात काळी पडली होती. पीठ जसंच्या तसं सपाट. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

मी जन्मभर जे म्हणत आलो तेच माझ्यासमोर होतं. मोबाइलनं सांगितलेला तो ग्रीक माणूस शेजारी असता तर खांद्यावर थाप मारली असती त्यानं. मी तिथं उकिडवा बसलो आणि मला वाटलं, बघू म्हणाली होती ती. ती दिल्या शब्दाची पक्की बाई होती. कुणाच्या वाणाला येते म्हटली तर तापातही जायची. न येणारी नव्हती. म्हणजे येणारी कुणी राहिलीच नव्हती.

आता लेक येऊन हे कोरं ताट बघणार. आणि मग माझ्याकडं बघणार.

मी तीन बोटं जुळवून पिठावर टेकवली आणि जरा फाकवली. पाखराचं पाऊल झालं. बरं नाही जमलं, पण झालं. पणतीपासून दोन बोटं अलीकडं, एकच. टोपलं घातलं, वरवंटा ठेवला, बोटं धोतराला पुसली आणि चूळ भरायला बाहेर गेलो. तंबाखू लावली. गोठ्यात म्हशीला पेंढी टाकली. तेवढ्यात भावजयीनं हाक मारली.

मी आत गेलो तेव्हा भावजय, लेक आणि शेजारची एक बाई ताटाभोवती बसल्या होत्या. भावजयीनं हात जोडले, वरवंटा काढला, टोपलं उचललं.

"पाखरू," ती म्हणाली. "दोन पावलं हायेत बघा. दाराकडं तोंड करून चाललंय."

मी एकच उमटवलं होतं.

माझं ओळखू येत होतं. जाड, तीन बोटांचं, मागची नखी नसलेलं. मला पाखराची मागची नखी आठवलीच नव्हती. त्याच्या पुढं हातभर नाही, चार बोटांवर दुसरं. काडीसारखं बारीक, पुढं तीन, मागं एक, नखांची टोकंसुद्धा दिसत होती. कडा कुठं ढासळलेली नव्हती. पिठाच्या बाहेर दाराकडं, सारवणावर, काहीच नव्हतं.

मी भावजयीच्या हातांकडं बघितलं. तिची बोटं संधिवातानं वाकलेली, साधी सुई धरता येत नाही. लेकीकडं बघितलं. तिचे हात ओले होते, केसही ओले. नखांत काही असलं तरी धुऊन गेलं असणार. ती ताटाकडं बघत होती, माझ्याकडं नाही. मग एकदा माझ्या धोतराकडं बघितलं आणि परत ताटाकडं.

मी फटकळ माणूस. मनात आलं की विचारून मोकळा होतो. 'तू केलंस का?' एवढे तीन शब्द होते. ती हाव म्हणाली असती किंवा न्हाई म्हणाली असती. मी दोन्ही ऐकायला तयार नव्हतो.

"आण्णा, बघितलंत का?" लेक म्हणाली.

"बघितलं."

"मंग?"

"तुझ्या मायला दम नव्हता कधी," मी म्हणालो. "चहा बी न घेता गेली."

शेजारची बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. भावजय म्हणाली, आता ह्ये पीठ पाण्यात सोडायला कुणाला तरी पाठवा. मी म्हणालो, मी जातो. ती ताट फडक्यात रिकामं करायला लागली तर मी तिचा हात धरला. "असू द्या तसंच."

ओढा घरापासून अर्धा कोस आहे. मी दोन्ही हातांनी ताट धरून निघालो. वेशीबाहेर वारा सुटला होता, ज्वारीची पानं वाजत होती. पीठ कडेनं उडायला लागलं तसं मी खांद्यावरचा टॉवेल काढून ताटावर ताणून धरला, पिठाला लागणार नाही असा उंच. गावातला एक जण मोटरसायकलवरून येत होता, त्यानं गाडी थांबवून विचारलं, काय घेऊन चाललात. मी वाऱ्याकडं पाठ करून उभा राहिलो, गाडीची धूळ बसू दिली, आणि टॉवेल उचलून पावलं पुसली नाहीत ना ते बघितलं.