पेतांगचं नाक

फिलिपिन्समधल्या मालोलोसला चर्चमागच्या गल्लीत राहणारी पेतांग घरच्या घरी एन्सायमादा करायची. गोगलगाईच्या शंखासारखे वळलेले लोण्याचे मऊ पाव, वर साखर, किसलेलं चीज आणि खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या. गल्लीत बाप्तिस्मा असो की कुणी वारल्यावरची नवव्या दिवसाची प्रार्थना, पाव तिच्याकडूनच जायचे. पाव ओव्हनमध्ये टाकून ती खुशाल परसात कपडे वाळत घालायची. झाले की नाक सांगायचं.

पावसाळा सरताना तिला ताप आला. उतरल्यावर तिने कॉफी केली, तर तोंडात नुसतं गरम पाणी. तिने व्हिनेगरची बाटली हुंगली, सुकी मासळी हुंगली. शेवटी नवऱ्याचं घामट बनियन नाकाला लावलं.

"माझ्यावर संशय आला की काय?" सांतो म्हणाला. तो ट्रायसिकल, म्हणजे साइडकार लावलेली मोटारसायकल, भाड्याने चालवायचा. दिवसभराच्या फेऱ्यांनी ते बनियन आंबलेलं होतं.

"वास येत नाहीये मला," ती म्हणाली. "कशाचाच."

डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी ते सांगता येत नाही. काहींचा येतही नाही.

तिने कुणाला सांगितलं नाही. नाक गेलेल्या बाईच्या हातचं कोण खाणार? सांतोला तिने ओव्हनशेजारी स्टूल दिलं.

"झाले का?"

"छान वास येतोय."

"छान म्हणजे? कच्च्या पिठाचा की भाजल्याचा?"

सांतोने पुन्हा हुंगलं आणि अपराध्यासारखा म्हणाला, "पावाचा."

पहिली खेप करपली, दुसरी आत कच्ची राहिली. मग हळूहळू रंग बघून, बोटाने दाबून तिला जमायला लागलं.

तेवढ्यात शेजारच्या बास्योनचा नवरा वारला. नवव्या दिवसाचे पाव पेतांगनेच करायचे होते. त्या दिवशी सांतो भाडं घेऊन गेला होता. अंडी सोलताना एकाचा बलक तिला जरा काळपट वाटला. उजेड कमी असेल, असं मनाला सांगून तिने चकत्या केल्या.

प्रार्थना संपली, ताटं फिरली. बास्योनच्या भावाने पहिला घास घेतला आणि रुमालात थुंकला. आणखी दोघांनी पाव नाकाशी नेऊन खाली ठेवले. पेतांगने एक पाव उचलून हुंगला, आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली.

"पेतांग, अंडं नासलंय गं," बास्योन हळूच म्हणाली. "तुला कळलं नाही?"

"मला वासच येत नाही, बास्योन. तापापासून."

"अगं, मग सांगायचं होतंस."

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, "आराम कर आता," म्हणत राहिल्या, आणि पाव सांगायला मात्र कुणी येईना. बाप्तिस्म्याला बाजारातल्या बेकरीचे खोके यायला लागले.

नाताळ जवळ आला तेव्हा सून लिगाया म्हणाली, "नानाय, मला शिकवा. मी हुंगीन, तुम्ही सांगा." सासूला ती नानाय, म्हणजे आई, म्हणायची.

पेतांगने हात धरून पीठ मळायला शिकवलं, पोळी लाटून लोणी माखायला, वळी करायला शिकवलं. पण वास कसा शिकवायचा?

"पीठ फुगून तयार झालं की पिकल्या केळ्यासारखा वास येतो. पण आंबट नाही."

लिगायाने भांड्यात नाक घातलं. "येतोय तसा."

"तसाच?"

"असं वाटतंय."

यापुढे विचारण्यासारखं पेतांगकडे काही नव्हतं. केळ्यासारखा म्हणजे नेमका कसा, हे तिचं तिलाच आता नीट आठवेना.

पाव ओव्हनमध्ये गेले. लिगाया नाक वर करून उभी राहिली, पेतांग तिच्या तोंडाकडे बघत बसली. बराच वेळ गेल्यावर लिगायाने दार उघडलं. रंग चांगला होता. तिने एक पाव बशीत घालून सासूपुढे धरला.

पेतांगने तुकडा मोडला. साखरेची खरखर लागली, मीठ लागलं, लोणी टाळूला चिकटलं. पुढे काही नाही.

"कसा झालाय, नानाय?"

"मऊ झालाय," ती म्हणाली. तेवढं तिला सांगता येत होतं.