आठ ते पाच

इस्पितळाच्या धोबीखान्यातल्या बॉयलरवाल्या काकांचा जीव कालपासून थाऱ्यावर नव्हता. प्रत्येकाने आपलं रोजचं काम आणि कामाच्या वेळा इंग्रजीत सांगायच्या, असा नव्या साहेबांचा हुकूम होता.

"बावीस वर्षं बॉयलरची वाफ सांभाळली, आता तोंडाची वाफ दवडा!" काका करवादले.

सुनेने आपल्या इंग्रजी शिकायच्या पुस्तकातली चार वाक्यं देवनागरीत उतरवून दिली होती. काका ती अंघोळीत घोकत होते, जिन्यात घोकत होते. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. अर्थाकडे बघायला सवड कुणाला होती! "बाबा, बसा तरी घटकाभर," सून म्हणाली. पण बसतील ते काका कसले!

साहेबांसमोर मात्र गाडी सुसाट सुटली. "आय स्टार्ट वर्क ॲट एट. आय फिनिश ॲट फाइव्ह." साहेब खूश झाले आणि वहीत 'आठ ते पाच' लिहून मोकळे झाले.

जिना उतरताना काका मधेच थबकले. आठ ते पाच राबत होता तो पुस्तकातला कारकून. काका पहाटे साडेचारला बॉयलर पेटवायचे, म्हणून तर सातला धुतलेल्या चादरी वॉर्डात पोचायच्या. ते तसेच उलट धावले. पण साडेचारचं इंग्रजी त्या कागदावर नव्हतंच.

"येस?" साहेबांनी विचारलं.

"थँक्यू," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेचारला त्यांनी बॉयलर पेटवला, आणि हजेरीवर सही करायला आठ कधी वाजतात म्हणून येरझाऱ्या घालत राहिले.