फोटोसाठी सोडलेल्या वेण्या

"इतना सज-धज के आने को किसने बोला?" मॅडम म्हणे. अन् माह्या वेणीची रिबीन ओढली.

शाळेच्या हॉलमागची खोली होती. मी बारा वर्षांची. आईनं सकाळीच चपचप तेल घालून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. लोट्यात निखारे टाकून फ्रॉकले इस्त्री केली होती. चार लोकांसमोर जायचं, पोट्टी नीट दिसली पाहिजे न! आमची चूक एवढीच.

बाबा रायपूरजवळ उरला गावच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होता. त्याले जाऊन तीन महिने झाले होते. कसा मेला, कोणी सांगतलं नाही. कारखान्याच्या माणसांनी चादरीत बांधून घरी आणला अन् "खोलना मत" म्हणे. राज्य नवीन, रायपूर राजधानी झालेलं, रोज कुठं ना कुठं मंडप अन् हार. त्या दिवशी आमच्या शाळेत त्याच कारखान्याचा शेट बिनबापाच्या पोरींच्या आयांना शिलाई मशीन वाटणार होता.

मॅडमनं दोन्ही वेण्या सोडल्या. केस विस्कटले. "फोटो में बेचारी दिखनी चाहिए. तुम लोगों को फोकट का भी चाहिए, और ऊपर से नखरा."

तुम लोग. म्हणजे कोण, ते मले वर्गातल्या पाण्याच्या माठापाशीच समजलं होतं.

आईकडे पाहिलं. म्हटलं, आता ही बोलते. माही आई कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण तिनं मान खाली घातली. "उभी राय न बाई. एका फोटोचं तर काम हाये."

अंगाची लाही लाही झाली. मॅडमच्या हातातून रिबिनी हिसकून घेतल्या. "मैं बेचारी नहीं हूँ," म्हटलं, अन् शेटच्या समोरून हॉलबाहेर निघून गेली.

आई आली नाही. स्टेजवर गेली, मशीन घेतली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. शेट, मॅडम, मधात आई, डोक्यावर पदर. मले तिचा असा राग आला, का दोन दिवस जेवलीच नाही. मग मुकाट जेवली. पुढं आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या बायांचे ब्लाउज त्याच मशीनवर शिवून आमचं घर चाललं. मी बी तेच खाल्लं. खोटं कायले बोलू?

एक दिवस इचारलं, "आई, बाबा कसा मेला, शेटले इचारलं का तू?"

थाडकन कानाखाली बसली. "चूप राय! त्याची मशीन चालून राहिली घरात."

मग तिनं तोंड फिरवलं अन् रडत बसली. तेव्हा समजलं, मशीन कायले देली होती ते. आईवरचा राग तिथंच गेला. शेटवरचा अजून गेला नाही.

आईचं तोंड त्यानं बंद केलं. मी स्टेजवर गेली नव्हती, त्याच्या हातून काही घेतलं नव्हतं. आता मी इचारणार. कारखान्याच्या गेटवर जाईन. बाबा कसा मेला, सांगा म्हणीन. हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत जाईन. सांगेपर्यंत जाईन.