दोन आकड्यांचा घरोबा

त्यांचं खरं आडनाव काय होतं ते संस्थेच्या पगारपत्रकालाच ठाऊक. बाकी सगळे त्यांना गाळणे म्हणत, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की बायको चिडली की तीसुद्धा "अहो गाळणे" अशीच हाक मारी. काम तसंच होतं. बोटीने समुद्रात जायचं, बाटल्या सोडून पाणी वर काढायचं, ते छोट्या पांढऱ्या चकतीतून गाळायचं आणि चकतीवर जो हिरवट थर उरेल त्यातलं हरितद्रव्य प्रयोगशाळेत मोजायचं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्या किती आहेत, हे त्या हरितद्रव्यावरून कळतं.

हा उपद्व्याप कशासाठी? तर वर आकाशात एक उपग्रह फिरत होता, आणि तो पाण्याच्या रंगावरून त्याच वनस्पतींचा अंदाज सांगत होता. तो खरं बोलतो की थापा मारतो, हे तपासायला खाली कोणीतरी हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे गाळणे.

आता एवढ्या जबाबदारीच्या कामाला नशिबाने माणूस निवडला तो असा, की ज्याला बोट लागायची. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच त्यांचं पोट ढवळायला लागे. कप्तान त्यांच्यासाठी दोन बादल्या तयार ठेवी, एक समुद्राच्या पाण्यासाठी आणि एक त्यांच्यासाठी. दोन्हींची आजवर अदलाबदल झाली नव्हती, हे विज्ञानाचं भाग्यच म्हणायचं.

म्हणून गाळण्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: जमिनीवर ठेवलेली खुर्ची. साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, शब्द दिला होता. "तुमचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा कायम जुळायला लागला ना, की बोट बंद. मग काय, बसा खिडकीपाशी." खिडकीपाशी कुठली खुर्ची, हेही गाळण्यांनी हेरून ठेवलं होतं. बायकोने तिच्यावर घालायला उशी शिवली होती.

उपग्रहाचा आकडा काढणाऱ्या बाई दूरच्या एका शहरात मुख्यालयात बसत. गाळण्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण मोजणीच्या दिवशी त्यांचा फोन हटकून यायचा. दोघांनी एकमेकांचा आकडा आधी विचारायचा नाही, असा कडक नियम होता. आणि तो मोडण्याइतकी धमक दोघांतही नव्हती. ते फक्त एकमेकांची चौकशी करत; आकडा मोठा असला की पाणी जड, लहान असला की हलकं.

"कसं काय आज पाणी?" बाई विचारत.

"ठीक आहे. जरा जडच म्हणा ना."

"जड? अगंबाई! इकडे तर हलकंच वाटतंय हो."

"हलकं का? मग माझी एखादी बाटली खराब असेल. बघतो मी."

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता? माझ्याकडेच ढग आला असेल."

मग गाळणे न जुळणारी बाटली खराब म्हणून मोरीत ओतत, आणि बाई न जुळणारा दिवस ढगाळ म्हणून काढून टाकत. भर उन्हाळ्यात, आकाश धुऊन पुसल्यासारखं असताना, त्या समुद्रावर कागदोपत्री जेवढे ढग जमले तेवढे कुठे जमले नसतील. शिवाय दर वर्षी बाई गाळण्यांचे आकडे घेऊन उपग्रहाचं गणित दुरुस्त करत, म्हणजे पुढच्या वर्षी ते आणखी चांगलं जुळे. थोडक्यात, गाळणे बाईंचं बघून लिहीत होते आणि बाई गाळण्यांचं. परीक्षेत शेजारी बसलेल्या दोन पोरांनी एकमेकांच्या पेपरात डोकवावं आणि अभ्यास दुसऱ्याने केलाय असं दोघांनाही वाटावं, तसला प्रकार. समुद्राला कोणी विचारतच नव्हतं.

दोघंही लबाड नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. भिडस्त होते. आणि भीड भिकेची बहीण, हे काही उगाच म्हणत नाहीत.

शेवटी आकडे जुळले. वर दोन, खाली दोन. थंडीत दोन, उन्हाळ्यात दोन, वादळानंतर दोन. साहेबांना आनंदाने आकाश ठेंगणं झालं. त्यांनी समारंभच ठरवला. सकाळी पाहुण्यांना बोटीतून न्यायचं, सगळ्यांसमोर पाणी काढायचं. दुपारी सभागृहात गाळण्यांनी एका फळ्यावर आणि बाईंनी दुसऱ्या फळ्यावर आपापला आकडा लिहायचा, फळे एकदम फिरवायचे, टाळ्या, आणि बोटीला निरोप.

त्या सकाळी धक्क्यावर गाळण्यांनी बाईंना ओळखलं ते आवाजावरून. ठेंगण्याशा, जाड चष्म्याच्या, आणि भेदरलेल्या. बाईंनी जन्मभर समुद्र वरूनच पाहिला होता, कडेला उभं राहून कधीच नाही. दोघांना नमस्कारापलीकडे बोलता येईना, कारण साहेब मध्येच उभे. "आज तुम्ही दोघांनी बोलायचं नाही हं! सगळं कसं सचोटीने झालं पाहिजे."

बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली आणि गाळण्यांच्या तोंडचं पाणी पळालं. समुद्र हिरवा झाला होता. हिरवट नव्हे, पालक शिजवून ओतावा तसा हिरवागार. "वा, काय रंग आहे!" प्रमुख पाहुणे म्हणाले आणि फोटो काढायला लागले. गाळण्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई कठड्याला धरून खाली पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्याचाही रंग जवळजवळ तोच झाला होता.

प्रयोगशाळेत पाणी चकतीतून उतरेना, इतका गाळ धरला. आकडा आला नऊ. दुसरी बाटली, नऊ. तिसरी, नऊ. एकही बाटली खराब निघायला तयार नव्हती. गाळणे स्टुलावर बसले. उपग्रह दोन म्हणणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती; गेली कित्येक वर्षं तो दुसरं काही म्हणतच नव्हता. आपण नऊ लिहिलं तर भर सभेत बिचाऱ्या बाईंची फजिती. आणि खुर्ची गेली ती गेलीच. खरं सांगायचं तर खुर्ची आधी आठवली आणि बाई मागाहून, पण मनाची समजूत घालताना गाळण्यांनी क्रम बदलून घेतला.

सभागृहात बायको पुढच्या रांगेत उशी मांडीवर घेऊन बसली होती. साहेबांनी इशारा केला. फळे फिरले.

गाळण्यांच्या फळ्यावर दोन. बाईंच्या फळ्यावर दहा.

साहेबांनी दोन्ही फळे पुन्हा फिरवून पाहिले, जणू मागच्या बाजूला बरे आकडे असतील. प्रमुख पाहुणे मात्र झटपट निर्णय घेण्याबद्दल प्रसिद्ध होते. ते उठले आणि खिडकीशी गेले. खाली हिरवं पाणी धक्क्याला थापा मारत होतं.

"अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला? समुद्र हिरवाकंच आहे! इतक्या लांबून यंत्राला दिसलं आणि हे गृहस्थ सकाळी बोटीत होते, त्यांना दिसलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वर फिरणाऱ्या उपग्रहाचा जयजयकार झाला, आणि बाईंच्या हातात मानचिन्ह आलं. गाळण्यांबद्दल साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "बोट बंद करणं आता शक्यच नाही. यांना सरावाची गरज आहे." बायकोने उशी खुर्चीखाली सरकवली.

जिन्याच्या पायऱ्यांवर बाईंनी त्यांना गाठलं. "अहो, संगणक दोनच म्हणत होता. पण पाणी बघितलं, म्हटलं तुमचा मोठा येणार, माझ्यामुळे तुमचं हसं नको. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने दहा लिहिलं. तुम्हाला खरा किती आला?"

"नऊ."

बाई पायरीवर बसल्या. आधी त्या हसल्या, मग गाळणे हसले, मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले. बाई आधी थांबल्या.

"पण मग इतकी वर्षं समुद्रात होतं तरी किती हो?"

गाळण्यांना मोरीत ओतलेल्या सगळ्या बाटल्या आठवल्या. त्यांना लाज वाटली, आणि ती खुर्ची गेल्याच्या दुःखापेक्षा मोठी निघाली.

घरी जाताना बायकोने उशी काखेत घेतली. मग म्हणाली, "आख्ख्या गावाला दिसलं, ते तुम्हालाच कसं दिसलं नाही?"

"दिसलं होतं गं."

ती चालता चालता थांबली. त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मला उद्या लवकर उठव," गाळणे म्हणाले.

"उद्या कशाला? तुमची बोटीची पाळी तर पुढच्या आठवड्यात आहे. आणि या वाऱ्यात आतडी बाहेर येतील तुमची."

"येऊ देत. हे हिरवं फार दिवस टिकत नाही. आहे तोवर एकदा खरं मोजतो आणि येईल तेच लिहितो."