गप्प सुनेचा उजवा हात

डॉक्टर माधवरावांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी बायकोला कायमची माहेरी सोडायला निघालो होतो. हे त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. पण डॉक्टरांसमोर खोटे टिकत नाही, ते इथे तरी कसे टिकावे?

आम्ही चांदा जिल्ह्यातले, मूल गावाजवळच्या खेड्यात धान पिकवणारे. माझी पत्नी यशोदा अधूनमधून सासूला उत्तरच देईनाशी झाली. आई हाक मारी, ही नुसती बघत राही आणि घटकाभराने पुन्हा नीट बोले. आई म्हणे, सून माजली. मीही शहाणा, तेच मानले. तिच्या माहेरच्या, धानोऱ्याच्या वाटेवर मूलच्या दवाखान्यात थांबलो, ते तिच्या बोटावरची जखम बांधून घ्यायला.

डॉक्टर जखम सोडून बोटेच पाहत बसले. कातडी ताणलेली, चकाकणारी, चिमटीत न येणारी. गार पाण्यात बोटे पांढरी पडतात का, घास अडकतो का, हे त्यांनी तिलाच विचारले. ती हो म्हणाली. मग आम्ही कुठे निघालो आणि का, ते मी सांगितले. त्यांचे डोळे असे चमकले की मला रागच आला.

"गप्प होतात तेव्हा हातातलं काही पडतं का?"

मला ठाऊक नव्हते. तुमच्या आईचे लक्ष जास्त असेल, असे म्हणून त्यांनी गाडी परत फिरवायला लावली. आईला निरोप दिला, की सून गप्प झाली तर रागावू नका, हात पाहा.

पंधरा दिवसांनी आई स्वतःच दवाखान्यात आली. "डाक्टरभाऊ, तोंड बंद झालं का उजव्या हातातलं पडते. ढोंग असतं तं दरवेळी उजवाच हात काऊन? मी तिले उगाच बोलली." आणि ती रडली.

बोलणे आणि उजवा हात, दोन्हींचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडे, असे डॉक्टरांनी समजावले. बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, तशा डोक्यातल्याही आवळत असतील काय? त्यांच्या जाड पुस्तकात तर लिहिले होते, की स्क्लेरोडर्मा, म्हणजे हा कातडी आवळणारा आजार, मेंदूच्या वाटेला जात नाही. डॉक्टरांनी समासात पेन्सिलीने लिहिले, 'मूलच्या सासूबाईंनी वेगळे पाहिले आहे.' मोठ्या डॉक्टरांना पत्रे धाडली. असे नसते, एवढेच उत्तर आले. पेन्सिलीचे त्यांनी खोडले नाही. या आजाराला औषध नाही, हेही त्यांनी लपवले नाही. हात उबेत ठेवा म्हणाले, आणि त्या वर्षीपासून धानाच्या रोवणीच्या गार पाण्यात यशोदेऐवजी आई उतरू लागली. मी आता त्याच दवाखान्यात पुड्या बांधतो.

काल यशोदेला विचारले, डॉक्टरांना तुझे काय कळवू? ती गप्प राहिली. माझे डोळे आपसूक तिच्या उजव्या हाताकडे गेले. सूप हातातच होते. ती विचार करत होती.

डॉक्टरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मी माझ्या वतीने लिहितो. तिचे तिच्याच शब्दांत देतो.

"डाक्टरभाऊले म्हणा, खूप जगा. माह्या डोक्यात काय होते, थे समजल्याबिगर जाऊ नका."