बंद वॉर्डातली बेल

"म्यूट कर तो अलर्ट," आमच्या आयटी विभागाचे ढोले सर म्हणाले. "जुनी विंग बंद आहे. उंदरानं वायर कुरतडली असेल."

मी वर्ध्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात आयटी सांभाळते. माझ्यासमोर दिवसभर डॅशबोर्ड असतो, म्हणजे सर्व्हर, लिफ्ट, ऑक्सिजन, पेशंटच्या बेल, सगळ्यांची खबरबात एकाच स्क्रीनवर. प्रत्येक खाटेचा एक चौकोन. पेशंटनं बेल दाबली की तो लाल होतो. जुन्या विंगमधलं नर्सिंग स्टेशन हलवलेलं, त्यामुळे तिथली बेल आता वाजत नाही. पण चौकोन सिस्टीममधून काढायचे राहिले होते. त्यातला एक भर दुपारी लाल झाला.

म्यूट करण्याआधी सवयीनं ग्राफ उघडला. वायर लूज असली की रेषा नुसती थरथरते. ही थरथरत नव्हती. वर जायची, म्हणजे बटण दाबलेलं; थोडी तिथंच थांबायची, खाली यायची. दर खेपेला वरचं थांबणं कमी होत होतं आणि मधली शांतता वाढत होती.

मी स्क्रीन सरांकडे वळवली.

"सर, वायरला दम लागत नाही."

सर वाकून बघू लागले. आमच्यादेखत रेषा खाली आली. वर गेलीच नाही.

आम्ही धावलो. गार्ड वानखेडे काका किल्ली घेऊन आले, पण दाराशी थबकले. "मॅडम, सकाळी थोड्या खाटा बाहेर नेल्या अन् म्याच कुलूप लावलं. आत कोन राह्यते?"

दार उघडलं. खिडक्यांना पत्रे ठोकलेले, आत मिट्ट अंधार. बाहेरच्या कूलरच्या घरघरीत मी हाक मारली. उत्तर नाही. मोबाईलच्या उजेडात शेवटच्या खाटेपलीकडे दोन पाय दिसले.

वडनेरचे एक आजोबा. बायको वरच्या मजल्यावर ॲडमिट. सकाळी दार उघडं दिसलं म्हणून खाटांमागे जाऊन घटकाभर आडवे झाले, डोळा लागला. जागे झाले तर कुलूप. अंधारात पडून खुबा मोडला. खाटेच्या वायरीला लटकणारं बेलचं बटण मुठीत घट्ट धरलेलं. सरांनी मूठ सोडवली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आवाज तं येतच नव्हता," ते पुटपुटले. "तरी दाबून राह्यलो. म्हटलं, कुठं तरी वाजत असन."

ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालतात.

जुन्या विंगचे चौकोन आम्ही काढले नाहीत. आणि आता कुलूप लावण्याआधी वानखेडे काका आत हाक मारतात. उत्तर आलं नाही, तरी आत जाऊन बघतात.