सोडून द्यायचं पाणी

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात मला बाकीचं थोडंफार कळलं. एकच गोष्ट कळली नाही, आणि नेमकी तीच मी विचारली नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, नगरच्या हद्दीकडं. पाणी खारं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरतो, पाहुण्याला चहा दिला तर तो दुसरा घोट घेताना थांबतो. माझं माहेर भीमाशंकरच्या डोंगरातलं. तिथं चार महिने पाऊस पाठ सोडत नाही, पण चैत्रात झिऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायला लागायचा. एका हंड्याला दुपार जायची. तिथं पाणी गोड होतं, पण नव्हतं. लग्न होऊन इकडं आले तर पाणी होतं, पण पिता येईना. यातलं बरं कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरोघरी मोबाइल यायला लागले होते, त्या सुमाराला एका संस्थेनं आमच्या गावात पाणी गोड करायचं मशीन बसवलं. ते आमच्या बचत गटानं चालवायचं असं ठरलं. पंचायतीतले म्हणाले, चालवतील तोवर चालवू द्या, बंद पडलं की आम्ही आमचा माणूस नेमू. मशीन चालवायचं म्हणजे आधी शिकायला हवं, म्हणून गटातल्या दोघींनी वारूळवाडीला तीन दिवस जायचं होतं. एक तर ठरलेलीच होती. आमच्या आळीतली नवी सून, बारावी शिकलेली. दुसरी कोणी मिळेना. कांदे काढायला आले होते, प्रत्येकीला काही ना काही काम होतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी गेले. माझं शिक्षण चौथी.

सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "चूल पेटवताना इचारती, फुकू का नको. ही मशीन चालवनार."

वारूळवाडीच्या त्या हॉलमध्ये विसेक माणसं होती. बहुतेक पंचायतींचे पंप चालवणारे, काही आयटीआय केलेले. बायका आम्ही दोघीच. शिकवायला पुण्याचे एक सर होते, वयस्कर, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी फळ्यावर सगळं काढून दाखवलं. आधी विहिरीच्या पाण्याची टाकी, मग वाळूची, मग कोळशाची, मग पांढऱ्या जाड मेणबत्तीसारखी गाळणी, मग मोठा पंप आणि शेवटी नळीत घातलेलं मेंब्रेन. मेंब्रेन म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या चटईसारखं. पंप जोर लावून पाणी त्यातून दाबतो, आणि पलीकडं दोन पाइप निघतात. एकातनं गोड पाणी. दुसऱ्यातनं निघतं ते रिजेक्ट. गोडापेक्षा रिजेक्ट जास्त निघतं.

"ते सोडून द्यायचं," सर म्हणाले. "रिजेक्ट म्हणजे घाण पाणी नव्हे. तेच पाणी, क्षार फक्त जास्त."

मी इकडंतिकडं पाहिलं. कोणी दचकलं नव्हतं. मला वाटलं, माझंच काही ऐकायचं राहिलं. तेच पाणी असेल तर सोडून का द्यायचं, आणि सोडून द्यायचं असेल तर विहिरीतनं काढायचं कशाला? मी शेजारच्या सुनेला कोपर लावलं. ती हळूच म्हणाली, "काकू, तुमीच इचारा की."

सर म्हणाले, "काही शंका?"

मागून एक पंपवाले भाऊ म्हणाले, "सर, जेवायला कवा सोडताय, एवढीच शंका हाय." सगळे हसले, सरही हसले, आणि फळा पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी हातानं करायचं होतं. गाळणीचं भांडं पट्टा लावून उघडायचं. दोघा-तिघांनी हिसके दिले, पण ते हलेना. मी मात्र रोज जात्याचा खुंटा धरून मोठी झालेली. हिसका न देता अंग टाकून ओढलं, तसं ते सुटलं. सर म्हणाले, "या मावशींचा हात बघा." त्यावर मला इतकं लाजल्यासारखं झालं, की ते परत बसवायला मला जमेचना. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही कशी भरायची ते सांगितलं. दर तासाला सगळ्या काट्यांचे आकडे लिहायचे. "कळो न कळो, लिहा," म्हणाले. हे मला आवडलं. कळायची अट नव्हती.

मशीन सुरू झालं. चावी आमच्या दोघींकडं, सकाळ तिची, दुपार माझी. भिंतीवर दोन उभ्या काचेच्या नळ्या होत्या, त्यांत पाणी जसं वाहील तशा गोळ्या वरखाली व्हायच्या. एक गोडाची, एक रिजेक्टची. रिजेक्टची कायम वर. तो पाइप खोलीच्या मागून गटारात जात होता. बायका कळशा घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि त्यांची नजर तिकडंच.

"आमी हंडा हंडा मोजून वापरतो आन् तू गटाराला पाजती व्हय गं," एकीनं विचारलं.

मी म्हणाले, "सरांनी सांगितलंय."

"सरांच्या घरला नळ आसंल."

भांड्यांना, धुण्याला त्या ते पाणी भरून न्यायच्या. तरी वाहायचंच. मी त्या पाइपाकडं पाठ करून बसायचे.

चैत्रात सून बाळंतपणाला माहेरी गेली. मी एकटी राहिले. विहीर तळाला गेली आणि टँकर तीन दिवसांनी एकदा यायला लागला. टँकरचंही पाणी कुठल्या तरी विहिरीचंच, खारं. ते टाकीत पडलं, मी मशीन लावलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातलं निम्म्याच्या वर गटाराला निघालं. टँकरमागं धावलेल्या बायका अजून घामाघूम तिथंच उभ्या होत्या. घरामागं ठिबकची जुनी नळी पडली होती. ती आणून एक टोक रिजेक्टच्या पाइपाला घट्ट बांधलं आणि दुसरं टाकीत सोडलं. तेच पाणी आहे म्हणाले होते ना सर, मग फिरू दे तेच.

गटार कोरडं झालं. टाकी दुप्पट दिवस पुरायला लागली. गटाच्या बैठकीत अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बघा, चवथी शिकलेल्या बाईनं सायबाच्या वर डोकं चालीवलं." सासूबाईंनी त्या दिवशी चहाचा पहिला कप माझ्यापुढं केला. अशा वेळी काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तो परत त्यांच्याच पुढं सरकवला.

वही मी नेमानं भरत होते. टाकीतल्या पाण्याच्या खारेपणाचा आकडा रोज चढत होता, मी लिहीत होते. गोडाची गोळी रोज थोडी खाली बसत होती, मी लिहीत होते. दाबाचा काटा लाल खुणेकडं सरकत होता, तेही लिहिलं. मला वाटायचं, ऊन वाढतंय, त्यानं होत असेल. आठ-दहा दिवसांनी एक बाई म्हणाली, पाणी पहिल्यासारखं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पंपाचा आवाज मिक्सरमध्ये सुकं खोबरं अडकल्यासारखा यायला लागला, आणि मशीन आपोआप बंद पडलं.

कोणी यायच्या आत मी ती नळी सोडली आणि घरामागं टाकून आले. ती का लपवली, ते मला नीट सांगता येत नाही. चूक झालीय हे ठाऊक असल्याशिवाय माणूस लपवत नाही. पण चूक कुठली, ते मला खरंच ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी सर आले. पंचायतीपुढं माणसं जमली. सरांनी मेंब्रेन बाहेर काढलं, तर ते आमच्या हंड्यांसारखंच पांढरं झालेलं. पंचायतीचे एक सदस्य म्हणाले, "बायांच्या हाती दिल्यावर दुसरं काय व्हनार. द्या चावी हिकडं, आमचा मानूस बगंल."

नळीचं गटाला ठाऊक होतं, तरी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "सर, कुनी कायबी केल्यालं न्हाई."

गटातली एक बाई म्हणाली, "ती बाळंतपणाला गेल्याली पोर. शिकल्याली व्हती, पन हिला औषिद टाकायचं शिकवून नको का जायाला? तिचीच हयगय." दुसरीनं मान हलवली. बघता बघता ते सगळं त्या सुनेवर गेलं. ती तिकडं माहेरी आठ दिवसांची बाळंतीण. तिनं तर मला मेंब्रेनवर क्षार धरू नये म्हणून पाण्यात टाकायच्या औषधाचे थेंब मोजून दाखवले होते, कागदावर लिहूनही दिले होते.

सरांनी वही मागितली. एक एक ओळ बोटानं खाली येत गेले आणि थांबले. "इथपर्यंत सगळं ठीक आहे. या दिवसापासून चढतंय. या दिवशी काय केलंत?"

मला वाटलं होतं, नळी काढली म्हणजे झालं. वहीनं सगळं धरून ठेवलंय, आणि तेही माझ्याच अक्षरात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोलले तर चावी जाणार, गटाचं मशीन जाणार, बायका मला काय म्हणतील. न बोलले तर त्या पोरीचं नाव लागणार. मी बायकांच्या मागं उभी होते. म्हणाले, "मी नळी लावली व्हती." कोणाला ऐकू गेलं नाही. सर म्हणाले, "कोण बोललं?" मग दुसऱ्या वेळी आवाज फारच मोठा निघाला. "मी नळी लावली. सुटल्यालं पानी परत टाकीत घेतलं. तिनं कायबी केलं न्हाई."

सरांनी चष्मा काढला. "मावशी, असं का केलंत?"

"तेच पानी हाय म्हनला व्हता तुमी."

आता सदस्य बोलणार म्हणून मी पदर दातात धरून उभी राहिले. पण पारावर बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "मग बाईचं चुकलं काय त्यात?"

"बाबा, ते पाणी सोडूनच द्यायला लागतं," सर म्हणाले.

"कायमचं?"

"कायमचं."

सदस्य उठून उभे राहिले. "म्हंजी राव, आमी तालुक्याला टँकर मागून मागून जीभ सुकवायची आन् तुमी निम्मं गटारात घालनार? हे आधी कुनी सांगितलंय आमाला?"

मग सगळेच सरांना विचारायला लागले. सरांनी काडी घेऊन मातीत टाक्या काढल्या, बाण काढले, पण पटेना कोणालाच. म्हातारबाबा म्हणाले, "लोनी काढल्यावर ताक काय आपन गटारात वततो का, सर?" माणसं हसली. सर घामेजले होते. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेच्या भरात तोंडून निघून गेलं, "आमटी आटली की खारट व्हती ना. मीठ तेवढंच ऱ्हातं, पानी तेवढं उडतं. मशीन गोड पानी काढून घेतं, मीठ मागं ऱ्हातं. मी ती आटल्याली आमटी परत परत आटवत बसले."

सर म्हणाले, "हेच तर मी तीन दिवस शिकवत होतो."

"मग आमटीच म्हनायचं व्हतं तुमी," म्हातारबाबा म्हणाले.

सदस्य खाली बसले. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या चावी त्यांच्याकडंच. आमच्या मानसानं बी हेच केलं आसतं, आन् वर सांगितलं नसतं." अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण चावीही मागितली नाही.

मी जे बोलले ते मला बोलता बोलता कळलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत परत कळेनासं झालं. आमटी खारट झाली तर आपण त्यात पाणी घालतो, बटाटा टाकतो, ओतून थोडीच देतो. आणि चावी माझ्याकडं ठेवली ती कशासाठी? मी खरं बोलले म्हणून, की माझ्याइतकंच सगळ्यांना कळत होतं म्हणून? मी नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "ठिवली ना? मग झोप आता."

सर मेंब्रेन औषधानं धुऊन बघणार होते. पण त्याआधी टाकी पूर्ण रिकामी करायला हवी, आतलं पाणी आता मशीनच्या कामाचं नाही, असं ते सांगून गेले होते. ज्याच्याकडं चावी त्यानं करायचं. सकाळी मी गेले. टाकी जवळजवळ भरलेली होती. बायका बादल्या घेऊन आल्या, अंगण सारवायला, गोठा धुवायला जमेल तेवढं नेलं, आणि मग त्यांच्याकडची भांडी संपली. मी व्हॉल्व्ह फिरवला. पाणी रस्त्यानं निघालं, वैशाखात, सगळ्यांच्या पायांवरून. अध्यक्षीणबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

कोणाची तरी म्हैस चरायला निघाली होती. तिनं वाहत्या पाण्याला तोंड लावलं, मान झटकली आणि पुढं गेली. ते पाहून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं वाईटही वाटलं. टाकी रिकामी व्हायला दुपार झाली. व्हॉल्व्ह एकदा उघडल्यावर धरून उभं राहायची गरज नसते, हे मला शिकवलेलं होतं. तरी मी तो धरून उभीच होते.